फॉरवर्ड केलं म्हणजे काय केलं?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील युवक-युवतींसमोर जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मला दिलेला विषय ‘समाजमाध्यमं आणि आपली जबाबदारी’ असा होता. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोललं तरी हाती फारसं लागत नाही. म्हणून मी तो एका शब्दापुरता लहान करून घेतला आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या सगळ्यांच्या घरात राहायला आलाय. अम्मी वापरते, दुकानदार वापरतो, शाळेचे शिपाईकाका वापरतात. तो शब्द म्हणजे ‘फॉरवर्ड’.

मी भाषेचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या धंद्यात एक सवय मात्र लागते. बटणावर जे लिहिलेलं आहे आणि बटण दाबल्यावर जे घडतं, ते एकच आहे का, हे तपासून पाहायचं. ‘फॉरवर्ड’ या बटणाच्या बाबतीत आज तेवढंच करू.

आधी शब्द पाहू. इंग्रजीत ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, आणि क्रियापद म्हणून पुढे नेणं, पुढे पाठवणं. टपालखात्यात हा शब्द जुना आहे. माणसाने घर बदललं की त्याच्या नावाचं पत्र नव्या पत्त्यावर फॉरवर्ड व्हायचं. कचेऱ्यांमध्ये अर्ज साहेबांच्या शेऱ्यासह वर फॉरवर्ड होतो. सरकारी मराठीत त्याला ‘अग्रेषित करणे’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्या. पत्र ज्याचं असेल त्याचं नाव पत्रावर असतं. ते पुढे पाठवणारा पोस्टमन ते फोडत नाही आणि अर्ज वर पाठवणारा अधिकारी स्वतःची सही करतो. मूळ बोलणारा कोण आणि मधला माणूस कोण, हे कागदावर दिसतं.

मग ई-मेल आला. तिथेही फॉरवर्ड केलं की मूळ मजकूर कुणी, कुणाला, कोणत्या तारखेला पाठवला होता, ते वरती आपोआप येतं. कुणाला ते पुसायचं असेल तर मुद्दाम पुसावं लागतं.

आणि मग आपल्या हातात व्हॉट्सॲप आलं. शब्द तोच राहिला, काम मात्र बदललं. तुम्ही मेसेज फॉरवर्ड करता तेव्हा समोरच्याला फक्त तुमचं नाव दिसतं. मूळ कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या गावाबद्दल लिहिलं, तुम्हाला ते कुणी दिलं, यातलं काहीच पुढे जात नाही. एक छोटा बाण जातो आणि ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते नवखा माणूस वाचतही नाही. म्हणजे या बटणावर ‘पुढे पाठवा’ असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात ते ‘मूळ नाव काढा, माझं नाव लावा आणि पाठवा’ असं काम करतं.

बोलीभाषेत हा शब्द आणखी हलका झाला. ‘फॉरवर्ड कर ना’, ‘फॉरवर्ड मार’, ‘ते तर फॉरवर्ड आहे’. पण सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’. यातला ‘फक्त’ फार बोलका आहे. ‘मी फक्त सांगितलं’ असं म्हणणाऱ्याला आपण लगेच विचारू, का सांगितलंस? फॉरवर्डच्या बाबतीत मात्र आपण गप्प बसतो, कारण आपण मानूनच टाकलंय की फॉरवर्ड करणं म्हणजे बोलणं नव्हे. काही जण तर खाली लिहूनच टाकतात, ‘जसं आलं तसं पाठवत आहे’.

आता आपल्या मराठीकडे या. मराठीत एक छोटा शब्द आहे, ‘म्हणे’. ‘तापीला पूर आलाय म्हणे.’ ‘यंदा केळीला भाव नाही म्हणे.’ या शेवटच्या दोन अक्षरांचं काम काय? बोलणारा ऐकणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगतो की बाबा रे, मी स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतोय, तू जपून घे. आपल्या घरांमध्ये उर्दूत आपण ‘सुना है’ म्हणतो, तेही हेच. आणि ‘म्हणे’ ऐकलं की समोरच्या माणसाच्या तोंडात आपोआप प्रश्न येतो, ‘कोण म्हणालं?’ आपल्या वाडवडिलांकडे बातमी तपासण्याचं एवढं साधं साधन होतं.

फॉरवर्डने हा ‘म्हणे’ काढून टाकला. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणे’ आणि ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ या दोन वाक्यांत दोनच अक्षरांचा फरक आहे. त्या दोन अक्षरांची किंमत काय असते, हे आपल्या धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. ही भटकी जमात आहे, गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ते दूर दक्षिणेकडून, मंगळवेढ्याच्या बाजूने आलेले होते. त्या आठवड्यांमध्ये परिसरातल्या फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुणाला तरी संशय आला, जमाव जमला, त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव गेला. मुलं पळवणारी टोळी नव्हतीच. पळवलेलं मूलही नव्हतं.

त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक कराचीतला होता. दोघे जण मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो मुळात एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल केलेला जनजागृतीचा लघुपट होता. शेवटी ते मोटारसायकलस्वार परत येऊन मुलाला सोडतात आणि हातातला संदेश दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. लोकांना सावध करण्यासाठी केलेली गोष्ट लोकांना मारण्यासाठी वापरली गेली. आणखी एका व्हिडिओत ओळीने ठेवलेल्या मुलांची प्रेतं होती. ती २०१३ साली सीरियात विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुलं होती. कुठलं सीरिया, कुठलं खानदेश! पण चित्रावर गाव लिहिलेलं नसतं, वर्ष लिहिलेलं नसतं. आवाज बदलला की गाव बदलतं.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. जो व्हिडिओ कापतो तो एकटा असतो, फार तर पाच-दहा जण. त्याच्या हातून तेवढ्याने काहीच होत नाही. ज्यांनी ते पुढे पाठवलं ते हजारो लोक दुष्ट नव्हते. त्यात आया होत्या, वडील होते, शिक्षक होते. आपल्या मुलाच्या काळजीने, शेजाऱ्याचं मूल वाचावं म्हणून त्यांनी पाठवलं. अफवा दुष्ट माणूस तयार करतो, पण ती चालते चांगल्या माणसांच्या पायांनी.

त्याच रविवारी रात्री, धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर मालेगावात अगदी हाच प्रकार झाला. बाहेरगावचे पाच जण होते, त्यांच्यात दोन वर्षांचं एक बाळही होतं. मुलं पळवणारे समजून मोठा जमाव त्यांच्यावर चालून आला. पण तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत सांभाळलं. जमाव पोलिसांवरही चिडला, तरी पाचही जण वाचले. राईनपाड्याला आणि मालेगावला अफवा एकच होती. मालेगावात एका माणसाने थांबून विचार केला, एवढाच फरक. मालेगावचं नाव आपण वेगळ्या कारणांनी ऐकत आलोय. पुढच्या वेळी कुणी ते नाव घेतलं की ही रात्रही सांगा.

राईनपाड्यानंतर देश हादरला आणि कंपनीही हलली. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. त्याआधी हा आकडा शेकड्यांत होता. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. २०१९ मध्येच खूप वेळा फिरलेल्या मेसेजला दुहेरी बाण आला आणि एप्रिल २०२० पासून असा दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे आज जगाच्या पाठीवर कुणीही सहाव्या ठिकाणी फॉरवर्ड करायला गेला आणि अडला, तर त्या अडण्यामागे साक्री तालुक्यातलं एक गाव आहे आणि त्या वर्षी देशात असेच बळी गेलेले इतर लोक आहेत.

पण इंजिनीअर म्हणून सांगतो, आकड्यांच्या भरवशावर राहू नका. तेव्हा एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण असायचे. पाच ग्रुप म्हणजे १,२८०. त्या प्रत्येक ग्रुपमधल्या फक्त एकाने पुन्हा पाच नव्या ग्रुपमध्ये पाठवलं तर ६,४००. तिसऱ्या पायरीला ३२,०००. आता तर ग्रुपची मर्यादा १,०२४ झाली आहे. शिवाय मजकूर कॉपी करून नवीन मेसेजमध्ये चिकटवला की बाण गायब होतो. स्क्रीनशॉट काढून पाठवला तरी गायब. आणि ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तर तुम्ही पाठवलेली प्रत जाते. तुमच्याकडून घेऊन इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. यंत्र पायात लंगर बांधू शकतं, तुमच्या वतीने विचार करू शकत नाही.

कायदा काय म्हणतो? आधी आपला शब्द कायद्यात शोधू. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लोकांमध्ये भीती किंवा तेढ निर्माण करणाऱ्या खोट्या माहितीबद्दल आणि अफवांबद्दल आहे. तिथे तीन क्रिया शेजारी शेजारी आहेत: तयार करणं, प्रसिद्ध करणं आणि फिरवणं. इलेक्ट्रॉनिक साधनांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ‘मी बनवलं नाही, फक्त फिरवलं’ हे उत्तर कायद्याने आधीच ऐकून ठेवलंय. त्याच कलमात सुटकेची वाटही आहे. खरं मानायला तुमच्याकडे वाजवी कारण होतं आणि हेतू प्रामाणिक होता, तर तो गुन्हा नाही. पण मग प्रश्न येतो, ते वाजवी कारण कोणतं? ‘ग्रुपवर आलं होतं’ हे कारण झालं का?

मद्रास उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये, महिला पत्रकारांची बदनामी करणारी पोस्ट पुढे टाकणाऱ्या एका नेत्याच्या प्रकरणात म्हटलं की, मेसेज पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करणं आणि त्याला दुजोरा देणं. तेव्हा राईनपाड्याला दोन महिनेही अवकाश नव्हता. पुढे, १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आपल्यासारख्या संघटनांनी ते विचारून नाव सगळ्यांना कळवायला हवं.

आता दीनकडे येतो. माझ्यापेक्षा जाणते लोक इथे बसले आहेत, चुकलं तर दुरुस्त करावं. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीचा आशय आपण सगळे जाणतो. भरवसा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर तिची छाननी करा, नाहीतर न कळत कुणाचं तरी नुकसान करून बसाल आणि मग केल्याचा पस्तावा होईल. राईनपाडा यापेक्षा वेगळं काय आहे? सूरह नूरमध्ये हजरत आयेशा यांच्यावर घेतल्या गेलेल्या खोट्या आळाचा प्रसंग आहे. तिथे आळ रचणाऱ्यांना तर ताकीद आहेच, पण ज्यांनी ती गोष्ट जिभेवरून जिभेवर फिरवली आणि त्यात काय एवढं असं समजले, त्यांनाही सुनावलं आहे. तुम्हाला जे मामुली वाटलं ते अल्लाहकडे फार मोठं होतं, असा तो आशय आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’मधला तो ‘फक्त’ मला तिथे दिसतो.

आणि आपल्याकडे तर एक अख्खं शास्त्र आहे. हदीस सांगणारा माणूस आधी साखळी सांगतो: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने. त्या साखळीला आपण ‘इस्नाद’ म्हणतो. मधल्या प्रत्येक माणसाची माहिती उलेमांनी गोळा केली. तो कुठला, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खरा बोलायचा का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो खरंच भेटला होता का. मधला माणूस कोण ते माहीत नसेल तर त्याला ‘मजहूल’ म्हणायचे आणि ती रिवायत कमजोर ठरायची. मजकूर कितीही गोड असो. इमाम बुखारी, इमाम मुस्लिम यांनी आयुष्यं घातली ती यासाठी. व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड म्हणजे ज्यात सगळेच मजहूल आहेत अशी रिवायत.

आणि गंमत पाहा, आपण हदीससुद्धा तशाच फिरवतो. दर वर्षी रमजानच्या आधी एक मेसेज येतो की जो ही खबर पहिल्यांदा दुसऱ्याला देईल, त्याच्यावर जहन्नम हराम. उलेमा वर्षानुवर्षं सांगतात की याला काही आधार नाही. तरी येतोच. ज्या उम्मतने जगाला साखळी तपासायला शिकवलं, तिच्याच फोनवर!

आपण अफवांचे बळी आहोत, हे खरं आहे. एप्रिल २०२० आठवा. तबलिगी जमातीच्या नावाने काय काय फिरलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून ताट चाटून पुसणाऱ्या बोहरा मंडळींचा जुना व्हिडिओ ‘कोरोना पसरवतात’ म्हणून फिरवला गेला. भाजीवाले, फळवाले गल्लीबाहेर उभे राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्याच औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं म्हटलं. पण तो निकाल किती जणांनी फॉरवर्ड केला?

पण बळी असणं म्हणजे आपण फिरवलेलं सगळं खरं, असं होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध प्रवाशाला धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत, जवळ गोमांस आहे या संशयावरून मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच त्याचा व्हिडिओ काढला. संताप यावा अशीच गोष्ट होती आणि आपण सगळ्यांनी तो संतापाने पुढे पाठवला. गुन्हा दाखल व्हायला त्या व्हिडिओची मदत झाली, हे मान्य. पण त्या बुजुर्गांचा अपमान मारणाऱ्यांनी एकदा केला आणि आमच्या हातून तो किती वेळा दाखवला गेला? त्यांच्या घरच्यांच्या फोनवर तो किती ग्रुपमधून आला असेल? आणि मग त्यांनी आत्महत्या केली, अशी अफवा पसरली. ती पसरवणारे त्यांचे शत्रू नव्हते, त्यांच्याबद्दल हळहळणारेच होते. शेवटी मार खाल्लेल्या त्या माणसाला स्वतः समोर येऊन सांगावं लागलं की मी जिवंत आहे, शांतता ठेवा. पुरावा पोलिसांकडे, वकिलाकडे, पत्रकाराकडे जाऊ द्या. प्रत्येक ग्रुपमध्ये तो गेल्याने न्याय लवकर मिळत नाही.

मग करायचं काय? फॉरवर्ड बंद करा, असं मी म्हणणार नाही. रक्त हवं असतं, परीक्षेची तारीख बदलते, शिष्यवृत्तीची मुदत संपत येते. ते कळवायलाच हवं. मी चारच गोष्टी सुचवतो.

पहिली, ‘म्हणे’ परत आणा. काहीही पुढे पाठवताना वर स्वतःचं एक वाक्य लिहा. ‘हे मला अमक्यांनी पाठवलं, मी तपासलं आहे’ किंवा ‘मी तपासलेलं नाही’. हे वाक्य लिहायला लाज वाटली, तर समजा की मेसेज पाठवण्यासारखा नाही. माझा अनुभव असा की निम्मे मेसेज इथेच थांबतात.

दुसरी, चित्र असेल तर ते गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. अर्धं मिनिट लागतं. जुनं चित्र असेल तर बहुतेक वेळा तिथेच कळतं. मुलाबद्दल खरंच शंका असेल तर ग्रुप ही जागा नव्हे. ११२ वर फोन करा, मुलांसाठी १०९८ आहे.

तिसरी, मोठ्यांशी बोलण्याची रीत. घरच्या ग्रुपवर चाचा काही टाकतात, आणि आपण खाली लिहितो ‘फेक आहे’. चाचांचा चारचौघांत अपमान होतो, ते अडून बसतात, आणि अफवा राहते बाजूला. त्याऐवजी त्यांना फोन करा. ‘चाचा, हे आपल्याला कुणी पाठवलं? मला त्यांच्याकडून थोडं विचारायचं होतं.’ चाचा स्वतःच शोधायला लागतात. त्यांनाही आपल्या शब्दाची इज्जत असते.

चौथी, खुलासा तिथेच करा जिथे चूक गेली. ज्या ग्रुपमध्ये खोटं गेलं त्याच ग्रुपमध्ये, त्याच लोकांना, आपल्या नावाने. जुम्याच्या दिवशी मस्जिदीतून दोन वाक्यांत सांगता येतं. आणि अफवा शेजारच्या वस्तीबद्दल असेल तर त्या वस्तीतल्या एका माणसाचा नंबर आपल्याकडे हवा. आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांच्या फोनमध्ये पलीकडच्या गल्लीतल्या एकाचा तरी नंबर आहे? राईनपाड्यात त्या पाच जणांना ओळखणारं कुणी नव्हतं. अनोळखी माणसाबद्दल माणूस काहीही खरं मानतो.

आणि हे लक्षात ठेवा, असा अनोळखी माणूस आपल्याही दारावर येतो. फकीर येतो, मदारी येतो, जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई येते. यांचं पोटच गावोगाव फिरण्यावर आहे. त्यांच्यासाठी आपला एक अंगठा फार मोठी गोष्ट आहे.

आज रात्री तुमच्या फोनवर बाण असलेला पहिला मेसेज येईल, त्याला उत्तर म्हणून एवढंच लिहून पाहा, ‘कोण म्हणालं?’ उत्तर आलं तर आणखी एक पायरी मागे जा. नाही आलं, तर तो मेसेज तुमच्यापाशी थांबू द्या.